मंगळवारची खुर्ची

अप्पांच्या घरची मंडळी, उदगीरच्या मोंढा बाजारातून आलेले अप्पांचे जुने सोबती, आणि आपल्या वार्डातल्या माझ्या माणसांनो,

अप्पांच्या या शोकसभेत माझ्याही हातात माइक दिलाय. माझ्या आधीचे लोक लई सुंदर बोलले. मला तसं येत नाही. आणि खरं सांगू? मी बोलूच नये, असं इथल्या काही जणांना वाटतंय. मन्मथअप्पांच्या घरात माझ्यावर राग आहे. तो कशामुळं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेच सांगायला उभी राहिले.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी थोडं सांगते. अप्पांचं किराणा दुकान होतं, आणि ते या वार्डाचे लई वर्षं नगरसेवक होते. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, अप्पा कडुलिंबाखाली दोन वस्तू मांडायचे. एक लोखंडी स्टूल आणि एक हातांची लाकडी खुर्ची. तुम्हाला वाटेल, खुर्चीवर नगरसेवक. नाही. स्टुलावर अप्पा. खुर्चीवर तक्रार घेऊन आलेला माणूस. मग तो भाजीची पिशवी घेऊन आलेला असो, नाही तर पिऊन आलेला असो. खुर्चीवर बसायचं आणि विचारायचं. शिव्या खाल्ल्या तरी अप्पा स्टुलावरून उठायचे नाहीत.

आणि एक नियम होता. "बघू" म्हणायचं नाही. झालं असेल तर झालं म्हणायचं. झालं नसेल तर न्हाई म्हणायचं, आणि कामून न्हाई ते सांगायचं. अप्पा म्हणायचे, "न्हाई ऐकलेला माणूस चिडतो, घरी जातो, दुसरा रस्ता धरतो. बघू ऐकलेला माणूस आपले उंबरे झिजवत बसतो. त्याचं आयुष्य कामून खायचं?"

मग आपला वार्ड महिलेसाठी राखीव झाला. अप्पांनी सुनेला उभं केलं, आपल्या महानंदाताईंना. समोर मी. अंगणवाडीत पोरं सांभाळणारी बाई. अप्पा माझ्याविरुद्ध बोलले नाहीत असं समजू नका. याच चौकात म्हणाले, "या बाईला पाणी सोडायचा वॉल कुठं हाय तेबी ठाऊक न्हाई." खोटं नव्हतं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

तरी मी निवडून आले. पहिल्याच मंगळवारी सकाळी दारात कोण? अप्पा. एका हातात स्टूल, एका हातात खुर्ची. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "सुनंदाबाई, स्टूल तुमचं. खुर्ची मी ठिवून घेतो. चला, लिंबाखाली."

मी घाबरले. आमचे हे म्हणाले, तू थांब, मी बसतो. आणि बसलेसुद्धा स्टुलावर! अप्पा खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "प्रल्हादराव, लोकांनी मत कुणाला दिलंय?" यांनी माझ्याकडं बोट केलं. "मंग तुम्ही घरी जाऊन चहा ठिवा. साखर कमी." आमचे हे मागं बसलेत, बघा, हसून राहिलेत. त्या दिवशी चहा त्यांनीच केला. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या वतीनं कुणी बोललं नाही.

मग अप्पांनी मला पहिला प्रश्न विचारला. टेकाडावरच्या गल्लीला नळाला पाणी कवा येणार? मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बघू, अप्पा."

ते खुर्चीवरून उठले. मला म्हणाले, "बाई, ठाऊक न्हाई असं म्हना. त्यात लाज न्हाई. पुढच्या बाजाराला येतो, तवर माहिती काढा."

माहिती काढायची म्हणून मी पहिल्यांदा पाण्याच्या टाकीवर गेले. वॉल कुठं आहे ते पाहिलं. इंजिनियरसमोर बसले. नगरपालिकेच्या सभेत हात वर करायला शिकले. लोक म्हणतात, सुनंदाबाई किती धीट झाली. मी धीट झाले नाही हो. मंगळवार जवळ येत होता, म्हणून मला जावं लागत होतं.

दर मंगळवारी अप्पा यायचे. खुर्ची स्वतः आणायचे, स्वतः परत न्यायचे. दर मंगळवारी तोच प्रश्न. टेकाडाला पाणी? आणि मी सांगायचे, न्हाई अप्पा. गल्ली चढावर आहे, टाकीचं पाणी तिथवर चढत नाही. वेगळी मोटर लागते, वेगळी पाइपलाइन लागते. कुणीतरी एकदा त्यांना टोकलं, "अप्पा, तुमच्या काळात कुठं झालं होतं?" अप्पा म्हणाले, "न्हाई झालं. माझ्याच्यानं झालं न्हाई. म्हणून तर विचारून राहिलो."

आता त्या दिवसाचं सांगते. अप्पा लई आजारी होते. लातूरच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटलं, अप्पांना घरी आणलं. मी भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं. अप्पांनी डोळे उघडले, मला ओळखलं. आवाज निघत नव्हता, मी कान जवळ नेला. काय विचारलं असेल?

"टेकाडाला पाणी?"

सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. महानंदाताईंनी माझा हात दाबला. म्हणा म्हणून. आलं म्हणा. माणूस चाललाय, सुखानं जाऊ द्या. मला कळत नव्हतं का? माझ्या ओठावर आलं होतं हो. आलं पाणी, अप्पा.

पण मी म्हणाले, "न्हाई, अप्पा."

महानंदाताईंनी माझा हात सोडला. अप्पांचे ओठ हलले. "कामून?" मी सांगितलं. तिथंच, खाटेजवळ बसून, मंगळवारी सांगते तसं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं. पुढच्या बाजाराला येतो."

तो मंगळवार त्यांना दिसला नाही.

महानंदाताई, तुम्ही मला अंगणात अडवून विचारलंत, "एक हो म्हटलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?" तेव्हा मी रडत घरी निघून आले, जवाब राहून गेला. आज देते. अख्ख्या गावानं त्यांना त्या दिवशी आजारी म्हातारा म्हणून पाहिलं. त्यांनी मला नगरसेविका म्हणून प्रश्न विचारला. खोटं बोलले असते तर मीही त्यांना म्हाताराच धरलं असतं. मला ते जमलं नाही. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. मी ऐकून घेईन.

आता आपण दोन मिनिटं उभं राहणार आहोत. पण अप्पांचा मंगळवार बाकी आहे, तो आधी पुरा करते. सगळ्यांसमोर.

अप्पा, टेकाडाला पाणी अजून न्हाई. कामून? परवाच्या सभेत मोटरीचा विषय निघाला आणि गावाच्या वेशीवरच्या स्वागत कमानीचाही निघाला. पैसा एकाच कामाचा होता. कमानीसाठी लई हात वर झाले. मोटरीसाठी माझा एकटीचा. मी लेखी विरोध नोंदवलाय, आणि पुढच्या सभेत विषय परत मांडणार आहे. आज एवढंच खरं आहे.

महानंदाताई, स्टूल माझ्याकडं आहे. खुर्ची तुमच्या घरात आहे. तुमचा राग सोडू नका, तसाच घेऊन या. मंगळवारी मी लिंबाखाली स्टुलावर बसलेली असेन. त्या खुर्चीवर बसा, आणि मला विचारा.

अप्पा मला भेटले की आमचा जय भीम म्हणायचे, आणि मी त्यांना त्यांच्या लिंगायतांचं शरणार्थ म्हणायचे. आज पलीकडून आवाज येणार नाही. उठू या सगळे.

अप्पा, शरणार्थ.