वाढदिवस, वय बावीस

प्रल्हादकाका : ...आणि नकाशातल्या ह्या चौकोनावर फुली कोणी मारली? तू?

वल्लरी : काका, हळू. आत हिअरिंग चालू आहे.

प्रल्हादकाका : स्टेट फेअरच्या, म्हणजे राज्याच्या जत्रेच्या, शंभर वर्षांच्या मैदानात नव्या बिल्डिंगा उठवताय, बाग करताय, करा. पण कारंज्यासाठी तुला आमचं मेंढ्यांच्या गोठ्याचं बार्नच सापडलं? त्यात गणपती बसायचा आपला, अमेरिकेतल्या ह्या गावातल्या सगळ्या मराठी लोकांचा! तू नाटकात उंदीर झाली होतीस तिथे. शेपूट मी शिवलं होतं.

वल्लरी : आय रिमेंबर. पण आमच्या टीमला रेकॉर्ड लागतो. कम्युनिटी यूज दाखवला की जुनी बिल्डिंग वाचते. घोडेवाल्या क्लबनं चाळीस वर्षांचे फॉर्म आणून दिले, त्यांचा हॉल वाचला.

प्रल्हादकाका : मग आमचे काढ! चौऱ्याऐंशीपासून दर वर्षी बुकिंग केलंय मी.

वल्लरी : काढले. बावीस फॉर्म, सगळे तुमच्या सहीचे. वाचू? ‘पर्पज : बर्थडे पार्टी. मुलाचं वय : एक.’ नेक्स्ट इयर दोन. मग तीन. लास्ट इयर बावीस.

प्रल्हादकाका : अगं, धार्मिक कार्यक्रम म्हटलं की कमिटीपुढे जा, तीन महिने थांबा. बर्थडे म्हटलं की खिडकीवर लगेच चावी मिळायची.

वल्लरी : बावीस वर्षांचं मूल, काका?

प्रल्हादकाका : हात बसला होता. लिहीत गेलो.

वल्लरी : म्हणून माझ्या रिपोर्टमध्ये आलं, प्रायव्हेट फॅमिली यूज. चारशे लोक यायचे हे मी कशावरून लिहू? तुम्ही लोक जाताना फुलाची पाकळीसुद्धा मागे ठेवायचा नाहीत.

प्रल्हादकाका : मग तू सांग ना आत जाऊन.

वल्लरी : आय कान्ट. ड्रॉइंग माझं आहे. ज्यानं सही केली त्यानंच सांगायला हवं. माइकवर दोन मिनिटं. नाव सांगायचं, आणि फॉर्म खोटे होते म्हणायचं.

प्रल्हादकाका : वल्लरी, तीस वर्षं ह्या राज्याच्या पुलांच्या नकाशांवर माझी सही आहे. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. माझ्या ऑफिसातले दोघं आत बसलेत.

वल्लरी : माहीत आहे.

प्रल्हादकाका : एवढं करून वाचेल?

वल्लरी : मे बी. नाही बोललात तर नक्की जाईल.

प्रल्हादकाका : फार राग येतोय गं तुझा.

वल्लरी : मलाही तुमचा येतोय. ती फुली मारली ना, त्या दिवशी डेस्कवर रडले मी.

(दार उघडतं. आतून कोणीतरी विचारतं, आणखी कोणी बोलणार आहे का.)

वल्लरी : येस, वन मोअर! ...काका, ही शीट. आधी नाव, मग विषय.

प्रल्हादकाका : थांब, चष्मा... हं. नाव झालं. विषय...

वल्लरी : काका, ते थांबलेत.

प्रल्हादकाका : लिहिलं. ‘आमचा गणेशोत्सव.’ एका ओळीत मावत होतं की गं.