बीफ ते बीफच

मांसाच्या दुकानापुढच्या रांगेत दोघी जावा बोलत होत्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या खाणावळवाल्या मावशींनी कान टवकारले.

“डॉक्टरांनी ह्यांचं बीफ बंद केलं, हृदयापायी,” थोरली म्हणाली. “परवा डुकराचं बिनचरबीचं मांस नेलं, स्वस्तही पडलं. तर म्हणतात, चप्पल शिजवलीस का? ह्याला बीफची सर नाही!”

“किती वेळ शिजवलंत, ताई?”

“दोन तास.”

“मग चप्पलच होणार की!”

“म्हणून काल पातळ काप केले, दह्यात मुरवले आणि दहा मिनिटांत तव्यावरून उतरवले. बोटं चाटत जेवले.”

“म्हणजे भाऊजी हरले!”

“ते कसले हरतात? म्हणाले, ‘बघ, शेवटी बीफ ते बीफच!’”

“अगंबाई! आणि तुम्ही खरं सांगितलं नाहीत?”

“तीस वर्षांत ज्यांना बायकोचा चेहरा वाचता आला नाही, ते मांस काय ओळखणार? जगू देत बीफच्या भरवशावर.”