पहिला पगारी रविवार

बायको गेल्यापासून रविवारी मी घरी बसत नाही. त्या दिवशी पन्हाळ्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यामागे आमच्या पेठेत रोज दिसणाऱ्या दोन झाडूवाल्या होत्या. दोघी शेंगा खात होत्या.

"धोंडाक्का, पयला पगारी रविवार आपला. झोपलीस का निवांत?"

"कुठली झोप? पाटंला उठून सगळी गल्ली झाडली, मग ध्यानात आलं."

"अगं, मग संपावर उनात कशापायी बसलो? बाप्यांना रविवार हुता, आपल्याला न्हवता म्हनूनच की."

"सवय जाती व्हय लगेच? तू तरी टरफलं मुठीत का धरलीयास, खैरुन? आज ह्यो रस्ता झाडायची पाळी बाप्यांची हाय."

"व्हय की. मग टाकतो दोन."

"पन्हाळ्यात नको टाकू. तिथंबी बायकाच झाडत्यात."

"त्यास्नी हाय का पगारी रविवार?"

"कुठला? नागा झाला की पगार कापत्यात."

"मग किल्ला मागनं बघू. आधी त्यास्नी गाठू."

"सुट्टीच्या दिशीबी युनियनच का गं?"

"मग ही सुट्टी आली कुठनं, धोंडाक्का?"

"बरं बाई, गाठू. तेवढ्या शेंगा ठेव त्यांच्यासाठी. आन् पावणं, गाडी लागली, सरका की म्होरं."