शाळेतली लिंबोणी

"आज्जी, सुट्टी सरंस्तवर माझ्या लिंबोणीला रोज पाणी घाल. इसरू नगंस."

मामाच्या गावी निघालेल्या नातीला, सृष्टीला, दगडाबाईंनी तसा शब्द दिला होता. आज मंगळवार. नेमाच्या दर्शनासाठी त्या भूमच्या स्टँडवर तुळजापूरच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर सृष्टीच्या शाळेच्या बागेत राबणारे दोघं, एक बाई आणि एक गडी, बोलत होते.

"बिभीषणराव, आज बी हळदकुंकू होतं लिंबोणीच्या बुडाला."

"आरं देवा! लेकरांची बाग हाय का मसनवटा?"

"करणीच हाय ही. आन् बाईच हाय. चिखलात जोडव्यासकट पाऊल उमटलंय."

दगडाबाईंनी पाय हळूच लुगड्यात ओढून घेतले.

"पर ताई, झाड तर लई तरारलंय."

"तेच म्हणते म्या! सुट्टीत आपली समदी रोपं वाळली, ती एकलीच हिरवी कशी?"

"व्हय की. मग?"

"चारला कुदळ घिऊन या. सुट्टी सरून पोरं यायच्या आत उपटून टाकू."

तुळजापूरची गाडी लागली. दगडाबाईंनी बसल्या जागेवरूनच देवीला हात जोडले. हळदीकुंकवाची डबी पिशवीच्या तळाशी सारली, नळावर तांब्या काठोकाठ भरला आणि चारच्या आत पोचायला भरउन्हात शाळेची वाट धरली.