कोऱ्या जागेवरचं सभागृह

मंडळी, आज सांगतो त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही! नका ठेवू! पण आधी एवढं सांगा – धडधाकट उभं आहे ते पाडून पुण्य बांधता येतं का?

ऐका तर! एक कॉलेज. तिथं आर्किटेक्ट होणारी पोरं नि इंजिनिअर होणारी पोरं एकाच वर्गात – म्हणजे दोन जावा एका चुलीवर! शिकवायला सावदेकर बाई. बाईंनी शेवटच्या वर्षाला काम दिलं – अमुक गावात जुनं सभागृह आहे, तिथं कमीत कमी कार्बनचं सभागृह करून दाखवा. कार्बन म्हणजे काय हो? सिमेंट, पोलाद, विटा तयार होताना भट्टीतून सुटतो, आभाळ तापवतो, तो!

मृण्मयी पालेकर – हुशार पोर. रात्रंदिवस खपली. छतावर बाग, चौफेर काच, उन्हावर चालणारे पंखे! जोडीला इंजिनिअर जितेश धुमाळ. परीक्षेच्या दिवशी बाईंनी मॉडेलभोवती फेरी मारली नि हळूच विचारलं, "जुनं सभागृह कुठाय गं?"

"बाई... मी जागा कोरीच धरली."

बघा! यांची सुरुवातच कोऱ्या कागदानं!

"म्हणजे पाडलंस. त्या भिंती बांधतानाचा धूर कधीच होऊन गेला होता, बाळा. तू तो वाया घालवलास, वर नवा काढलास."

आणि मंडळी, त्याच क्षणी त्या थर्माकोलच्या छतातून भसाभसा धूर निघाला! शपथ! मी तिथंच होतो, चहा पीत!

पोरीचे डोळे भरले. वर्ष जाणार! "नापास करा, बाई."

"नापास कशाला? संध्याकाळपर्यंत बसलेय मी इथं. सुधार."

जितेश पुटपुटला, "जुन्या भिंती तपासल्यात मी. छपराचं ओझं आरामात घेतील."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कधी?"

तोडली बाग! काढली काच! जुन्या भिंती ठेवल्या, वर हलकं छप्पर. बाईंनी पाहिलं, म्हणाल्या, "पास. आता बोटांचा डिंक धू नि जेव काहीतरी."

आणि ते सभागृह खरंच झालं! कुठं? अहो, हेच! पाठ टेकून बसलात ना, त्याच त्या जुन्या भिंती –

श्रोत्यांत मागे बसलेल्या सरूबाई उठल्या. "बुवा, साफ खोटं! या भिंती नव्या बांधल्या तेव्हा मी स्वतः पाणी मारलंय, परवाच्या उन्हाळ्यात! जुनं सभागृह आपणच नाही का पाडलं? साधी चीरसुद्धा नव्हती हो त्याला!"