दहा गांडुळांची पैज

हॅलो?… हॅलो?… हां, क्षितिजा, बोल… अगं मीच, तुझी सासू. तुझे सासरे कवा फोन उचलतात?… मानकोलीहून, कामावरनं बोलतेस ना? मग जरा बाहेर ये बाय, तुझ्या गोडाऊनातल्या गाड्याच ऐकू येतात…

हो, हो… खणलं. सकाळीच खणलं… अगं ऐक ना! एकदम सांगितलं तर मजा काय?…

बरं बरं. पैज ध्यानात हाय ना?… तीच, तुझ्या सासऱ्यांची. "फूटभर खड्ड्यात दहा गांडुळं न्हाय निघाली, तर तागाचा तुकडा गोडाऊनवाल्याला भाड्यानं!" दोन वर्षं ऐकतेय मी. तू आपली भाजी काढली की ताग, ताग खत म्हणून मातीत गाडला की भाजी, मग वाल. नि हे गावभर सांगत फिरतात, "सून आमची गवत पेरते!"…

सांगते ना! तुझ्या मनोजनं कुदळ घेतली. तर तुझे सासरे म्हणाले, "हितंच खण, बांधाजवळ."… मला पण तेच वाटलं, हितंच का?…

एक… हो गं, एकच! ते पण लाल, अर्धमेलं… ए, रडतेस काय? पुढं तर ऐक…

आमच्या कोंबड्या पहाटेपासून त्याच बांधाशी. वर चार बगळे. म्हटलं, आज काय लगीन हाय का कुणाचं? मग घरी आले, तर खाटेखाली गोणी. रिकामी. तळाला दोन गांडुळं वळवळतायत… कुणी म्हणजे? ह्यांनीच! पडघ्याच्या गांडूळखतवाल्याकडनं आणली, काल संध्याकाळी, गुपचूप, नि रात्री बांधाशी सोडली…

न्हाय गं, तुला हरवायला कशाला? जिंकवायला!… हो! तोंडात गोडाऊन नि गोणीत गांडुळं…

तेच बोलले मी त्यांना. अहो, ती शेणात वाढलेली, शेताच्या मातीत टिकतील होय? आली वर, नि कोंबड्यांची चंगळ झाली. सुनेला एक शब्द विचारला असता तर?… हस, हस. मी पण हसले…

मग परत शेतात जाऊन मीच म्हटलं, मनोज, आता मधोमध खण, ताग गाडला तिथं… किती असतील? सांग… सतरा! सतरा, बाय! दोनदा मोजली. आपली घरची, मातकट, ही लांब. नि माती कशी, कच्च्या बांधलेल्या रव्याच्या लाडवासारखी, धरली की भुगा. ते पांढरे धागे पण होते, तू म्हणतेस ना, चांगली बुरशी…

हे? ढेकूळ हातात घेऊन उकिडवे बसले. वास घेतला. म्हणाले, "आईच्या वेळेला अशी होती."…

गोडाऊनवाला? त्याचा फोन आला की दहाला. ह्यांनीच घेतला. "जागा न्हाय, शेट. आधीच भाडेकरू हायत"…

थांब, देते. अहो, सून बोलतेय, घ्या!… घे, पळाले विहिरीकडं. पैज हरलेला माणूस एवढा खूष मी पहिल्यांदा बघतेय…

बरं ऐक, येताना पडघ्यातनं पाच किलो तागाचं बियाणं आण… अगं तुझ्यासाठी न्हाय. वरच्या तुकड्याला, त्यांच्या स्वतःच्या… त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "मी सांगितलं, असं सांगू नको."…

हो, मग मी कुठं सांगितलं? चल, ठेवते.