परतीच्या फॉर्ममधली ओळ

दुर्गाबाई : हळू बोल, सितारा. आतल्या खोलीत ते कुबड्यांचे रबर बदलत बसले आहेत. दार नुसते लोटलेले आहे.

सितारा : अब्बांना तिथून ऐकू येत नाही, बाई. ही बघा. हीच ती ओळ. पूर्ण प्रोग्रॅममध्ये अशी एकच.

दुर्गाबाई : मला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. शाळेत मी तुला सुभाषित उलगडून देत असे ना? तसे मला उलगडून दे. सावकाश.

सितारा : आपल्या केंद्रातून पेशंटला पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची देताना भरतो तो फॉर्म ‘नेणे’. वस्तू परत आली की भरतो तो ‘परत’. ‘नेणे’ अब्बांनी वीस वर्षांपूर्वी बनवला, टायपिंगचा क्लास सांभाळून. ‘परत’ तीन महिन्यांपूर्वी, त्याचीच कॉपी काढून.

दुर्गाबाई : इथवर मला ठाऊक आहे. याच खुर्चीवर बसून केला त्यांनी.

सितारा : जुन्या फॉर्ममध्ये त्यांनी फॉर्मचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. सगळीकडे ‘मी’ आहे. इंग्रजीतला, एम-ई. म्हणजे ही सूचना ज्या फॉर्ममध्ये चालली आहे, तोच फॉर्म. त्याची कॉपी काढा, नाव बदला, तरी सूचना बरोबर चालते. कारण आता ‘मी’ म्हणजे ती कॉपी.

दुर्गाबाई : संकल्पातल्या ‘मम’सारखे. गुरुजी घरोघर तोच संकल्प सांगतात; जो यजमान ‘मम’ म्हणेल, पूजा त्याची.

सितारा : करेक्ट. पण ‘परत’मध्ये अब्बांनी एक नवी ओळ घातली, वस्तू परत आली अशी खूण करणारी. तिच्यात ‘मी’ नाही. फॉर्मचं नाव लिहिलंय. आणि तेही जुन्या फॉर्मचं, ‘नेणे’.

दुर्गाबाई : म्हणजे गुरुजी बसले एका घरी, आणि संकल्पात नाव घेतले आधीच्या घरच्या यजमानांचे.

सितारा : आणि पुण्य तिकडे गेलं. कोंडीरामांचा पलंग आला त्या दिवशी तुम्ही ‘परत’ भरलात. मागे ‘नेणे’ उघडा होता, त्यात हिंमतरावांची चाकाची खुर्ची. खूण पडली हिंमतरावांच्या खुर्चीवर. पलंग मात्र अजून कोंडीरामांच्या घरीच आहे, असं राहिलं.

दुर्गाबाई : आणि ती यादी समोर धरून काल मी फोन केला. रुग्णाची प्रकृती आता कशी आहे, पलंग आणखी किती दिवस लागेल, असे विचारले. फोन कोंडीरामांच्या पत्नीने, वेणूबाईंनी घेतला होता. त्या म्हणाल्या, ‘बाई, पलंग तुमच्याच टेम्पोनं नेला की. हे गेल्याला पंधरा दिस झालं. आता काय परत करू?’ सितारा, छत्तीस वर्षे मी मुलांना बोलायला शिकवले. काल मी नुसता फोन ठेवून दिला.

सितारा : पण बाई, ‘नेणे’ बंद असला तर मशीन तक्रार करतं. हा फॉर्म सापडत नाही, असं.

दुर्गाबाई : करत होते ना. पहिल्या दिवसापासून.

सितारा : मग?

दुर्गाबाई : तो फॉर्म उघडा ठेवला की तक्रार थांबते, असा शोध मी लावला. तेव्हापासून सकाळी आल्याबरोबर उदबत्ती लावावी तसा तो उघडून ठेवते.

सितारा : बाई!

दुर्गाबाई : हस, हस. सिराजभाईंना विचारायला हवे होते, हे कळते मला. पण त्या सुमारास एका सकाळी त्यांनी मला तीनदा नमस्कार केला आणि तिन्ही वेळा ‘कधी आलात?’ म्हणून विचारले. मी तिन्ही वेळा ‘आत्ताच’ म्हटले. त्यानंतर त्यांना काही विचारायचा धीर झाला नाही.

सितारा : डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. बाई, एक ऐकाल? ही ओळ त्यांची आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. घरी येईल त्याला सांगतात, बाकी सगळं विसरलो, पण केंद्राचा नवा फॉर्म मीच केला, हात अजून विसरले नाहीत. हे कळलं तर ते पुन्हा कीबोर्डला हात लावणार नाहीत.

दुर्गाबाई : मग ओळ माझी.

सितारा : तुम्ही खोटं बोलाल?

दुर्गाबाई : या वयात एखादे शोभून जाईल. ये, सरळ बस. दार वाजले.

(सिराजभाई हातात झिजलेली रबरे घेऊन बाहेर येतात.)

सिराज : चार कुबड्या तयार. पाचवीला रबर नाही, आणवून घ्या. काय बेटा, सापडलं?

दुर्गाबाई : सापडले. आपला काही दोष नाही, सिराजभाई. मध्यंतरी मीच एक ओळ घातली होती. ती चुकली.

सिराज : तुम्ही? कोडमध्ये?

दुर्गाबाई : हो. उगाच धाडस केले.

सिराज : कोडची खिडकी उघडलीत कशी?

दुर्गाबाई : बटण दाबून.

सिराज : कुठलं?

दुर्गाबाई : एफ… एफ सात.

सिराज : आल्ट धरून एफ अकरा. दुर्गाताई, वीस वर्षांत तुम्ही ती खिडकी पाहिलेली नाही. मी उघडली की तोंड फिरवून बसायच्या, दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणायच्या.

सितारा : अब्बा, जाऊ द्या ना. मी करते दुरुस्त, दोन मिनिटांचं काम आहे.

सिराज : सरक. चष्मा दे माझा. … हं. ही माझी.

सितारा : कशावरून?

सिराज : पूर्ण नाव लिहिलंय. हल्ली मी सगळ्यावर नावं लिहितो, तुझ्या अम्मीला विचार. साखरेच्या डब्यावर ‘साखर’, चावीवर ‘कपाट’. इथं बसलो होतो तेव्हा वाटलं, नुसतं ‘मी’ लिहिलं आणि उद्या उघडून पाहिलं, तर कुठल्या फॉर्मबद्दल लिहिलंय ते मला कळेल का? म्हणून नाव लिहून टाकलं. नव्या फॉर्मचं आठवलं नसणार. जुनं आठवलं.

सितारा : अब्बा…

दुर्गाबाई : मशीन तक्रार करत होते, ती मी दडपली. निम्मी चूक खरोखरच माझी आहे.

सिराज : मग निम्मी घ्या. ओळ घेऊ नका. पुस्तकात वाचून वाचून मला हा ‘मी’ समजत नव्हता, तेव्हा तुम्ही इथंच स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता ‘मम’ सांगितलंत. आठवतं? त्यानंतर वीस वर्षं मी चुकलो नाही.

दुर्गाबाई : आठवते. चहा उतू गेला होता.

सिराज : तेवढं मी विसरलो होतो. बरं झालं.

सितारा : मग करू मी दुरुस्त?

सिराज : नाही. हात काढ. … हे नाव खोडलं. एम. ई. टिंब. आता दोन्ही फॉर्म उघड. हिंमतरावांवरची चुकीची खूण आधी काढ, आणि त्यांना मागे ठेव. पुढं कोंडीराम. पलंग कधी आला?

दुर्गाबाई : माझ्या वहीत आहे. एकोणीस तारीख.

सिराज : एकोणीस. हं, बघ आता.

सितारा : खुर्ची हिंमतरावांकडेच आहे. कोंडीरामांचा पलंग परत आला. बाकीच्या नोंदी मी बाईंच्या वहीवरून आजच लावते.

सिराज : आणि ज्या बाईंना फोन गेला म्हणून तुम्ही सकाळी सांगितलंत, त्या राहतात कुठं?

दुर्गाबाई : वेणूबाई? कात्रजला, डेअरीच्या मागच्या अंगाला. उद्या सकाळी जाऊन मी क्षमा मागून येणार आहे.

सिराज : मी येतो.

सितारा : एवढ्या लांब बसनं? बाई बोलतील ना तुमच्या वतीनं.

सिराज : बाई बोलल्या तर माफी बाईंच्या नावानं पोचेल. आत्ता काय दुरुस्त केलं मी?

दुर्गाबाई : या, सिराजभाई. नऊ वाजता घरी आपल्याला न्यायला येते.

सिराज : वाटेत कदाचित विचारेन, कुठं चाललोय म्हणून.

दुर्गाबाई : मी सांगेन.

सिराज : पुन्हा विचारेन.

दुर्गाबाई : पुन्हा सांगेन. त्यांच्या दारापर्यंत सांगत राहीन.

सिराज : तेवढं पुरे. दारात मी बोलेन.